आफ्रिकेचा ‘बेस्ट सीझन’ नेमका कुणासाठी?

कंपालात मी चार वर्षं नोकरी केली. एका गोदामाचे हिशेब सांभाळायचो. परत येऊन बराच काळ लोटला, पण तेवढ्या भांडवलावर नात्यागोत्यात मी कायमचा ‘आफ्रिकावाला’ ठरलोय. कुणाला गोरिला बघायचे असोत, चिंपांझी बघायचे असोत की मसाई मारातले सिंह, फोन मलाच येतो. आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : भाई, बेस्ट सीझन कोणता?

गेल्या महिन्यात चिपळूणहून खालाच्या मुलाचा फोन आला. नवराबायको दोघंही शिक्षक. कित्येक वर्षं पैसे साठवून दोघांनी युगांडाचा बेत केलाय. सुट्टी मेमध्ये. मुंबईतल्या टूरवाल्याने त्यांना वेड्यात काढलं. म्हणाला, मेमध्ये तिकडे पाऊस असतो, तुमचे पैसे पाण्यात जातील. ऑगस्टमध्ये या. ऑगस्टमध्ये शाळा भरलेली, मुक्कामाचे दर चढलेले. तर आता बिनपगारी रजा टाकून जावं का, असं तो मला विचारत होता.

मी म्हटलं, अरे, चिपळूणचा माणूस पावसाला घाबरतो?

तो म्हणाला, “भाई, चिपळूणचा माणूसच घाबरतो. 2021 चा जुलै विसरलात का?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या पुरात त्याच्या घराच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. फोन ठेवला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितोय. त्याच्यासाठी, आणि त्या टूरवाल्यासारख्या सगळ्यांसाठी, जे एका तक्त्यावर बारा महिने मांडतात, चार-पाच महिने हिरवे रंगवतात, बाकीचे लाल, आणि त्याला ज्ञान म्हणतात.

तो तक्ता काय सांगतो ते आधी बघू. पूर्व आफ्रिका विषुववृत्तावर आहे. तिथे आपल्यासारखा एकच पावसाळा नसतो, दोन असतात. मार्च ते मे मोठा पाऊस. स्वाहिलीत त्याला ‘मसिका’ म्हणतात. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास छोटा पाऊस, त्याला ‘वुली’. युगांडा-रवांडाकडे हा दुसरा पाऊस थोडा आधी, सप्टेंबरातच सुरू होतो. मधले दोन कोरडे तुकडे, म्हणजे जून ते ऑगस्ट-सप्टेंबर आणि डिसेंबर-जानेवारी ते फेब्रुवारी, हा ‘बेस्ट सीझन’. माहिती खोटी नाही. माझं भांडण माहितीशी नाहीच, ‘बेस्ट’ या शब्दाशी आहे. कोरडा म्हणजे उत्तम, हे कुणी ठरवलं?

जनावराने नक्कीच नाही. सेरेंगेटी-माराचं ते जगप्रसिद्ध स्थलांतर म्हणजे तरी काय? तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट वर्षभर पावसाच्या मागे फिरत असतात. पाऊस पडला की गवत उगवतं, गवत उगवलं की कळप तिकडे. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत ते दक्षिण सेरेंगेटीत, न्दुटूच्या आसपासच्या आखूड गवताच्या माळावर असतात. तिथेच त्यांची वासरं जन्मतात, बहुतेक सगळी अवघ्या दोन-तीन आठवड्यांत. ते गवत आधीच्या पावसाने वर आलेलं असतं. मारा नदी ओलांडतानाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. पण ती झेपही पावसाच्या शोधातलीच असते. सगळं रान पावसाकडे तोंड करून चालतं, शेतकरी पावसाकडे डोळे लावून बसतो, आणि पर्यटक तेवढा पाठ फिरवून पळतो. मग याच पळण्याच्या वेळापत्रकाला निसर्गाचं वेळापत्रक म्हणून विकलं जातं.

गंमत म्हणजे शब्दही आपल्याच घरातले आहेत. ‘सफारी’ म्हणजे सफर, प्रवास. अरबीतून स्वाहिलीत गेलेला शब्द. आपण ज्याला मोसम म्हणतो तो अरबी ‘मौसिम’. खलाशांच्या तोंडी त्याचा अर्थ होता जहाज हाकारण्याची वेळ. मोसमी वारे त्यावरूनच. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचा ‘कास्काझी’ वारा जहाजांना अरबस्तान आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून झांझिबार-मोंबासाकडे नेई आणि एप्रिलनंतर नैर्ऋत्येचा ‘कुसी’ परत आणी. तेव्हा मोसम माणसाच्या सोयीचा नव्हता. माणूस मोसमाच्या सोयीने वागत होता, वारा फिरेपर्यंत महिनोन् महिने परक्या बंदरात थांबत होता. आता मोसम म्हणजे दरपत्रकाचा रकाना झालाय.

आणि हे दरपत्रक काही छुपं नाही. मसाई मारा अभयारण्यात परदेशी प्रौढ पर्यटकाला 2024 च्या जुलैपासून जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर पडतात. सिंह तोच, माळ तोच. त्यात लॉजवाले आपापली भर घालतात. आणि इतके पैसे मोजून मिळतं काय? तर नदीकाठी एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या लँड क्रूझरच्या रांगा, आणि पुढच्या गाडीच्या छतातून वर आलेली माणसं.

“कोरड्या दिवसांत प्राणी सहज दिसतात” हा यावरचा ठरलेला युक्तिवाद. दिसतात, खरं आहे. का दिसतात, ते बोलायचं कुणी नाही. गवत वाळून बसलेलं असतं आणि पाणी दोन-चार ठिकाणीच उरलेलं असतं म्हणून दिसतात. तहानेने एका डबक्यावर गोळा झालेली जनावरं म्हणजे ‘उत्तम दर्शन’! माझ्या मते हा मूळचा शिकाऱ्याचा हिशेब आहे. झाडी विरळ, जनावर पाण्यावर, नेम सोपा. बंदूक गेली, कॅमेरा आला, हिशेब तोच राहिला. आणि कोरडेपणा जरा लांबला की काय होतं तेही पाहून घ्या. 2020 च्या शेवटापासून केनियात एकामागून एक पावसाळे कोरडे गेले. 2022 च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर या नऊ महिन्यांत 205 हत्ती मेल्याची नोंद केनिया सरकारनेच जाहीर केली. शेकडो विल्डबीस्ट आणि झेब्रे वेगळेच. त्या वर्षी तक्त्यावरचे हिरवे महिने हिरवेच छापलेले होते.

आता गोरिलांकडे वळतो, कारण खरा घोटाळा तिथे आहे. सवानामध्ये निदान गवताचं कारण तरी देता येतं. गोरिला राहतात पर्जन्यवनात. नावातच पाऊस आहे! युगांडातलं ब्विंडी, रवांडातलं व्होल्केनोज राष्ट्रीय उद्यान, ही डोंगरावरची दाट जंगलं. तिथे पाऊस बाराही महिने येऊ शकतो, ‘कोरड्या’ जुलैतही. तापमान वर्षभर जवळपास सारखंच. ब्विंडीत वर्षाला सरासरी दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीत चार महिन्यांत तीन हजारांच्या वर पडतो. म्हणजे ज्याने जूनमध्ये परशुराम घाट ओलांडलाय, त्याला ब्विंडीच्या एप्रिलची भीती घालणं हा निव्वळ विनोद आहे.

गोरिला काही पावसात गावाला जात नाहीत. त्यांचं कुटुंब असतं तिथेच असतं. आदल्या दिवशी ते कुठे झोपले ते माग काढणारी माणसं पहाटे जाऊन शोधतात, मग पर्यटकांना नेतात. हे वर्षाचे सगळे दिवस चालतं. उलट विरुंगाच्या ज्वालामुखी उतारांवर बांबूचे कोवळे कोंब पावसाच्या दिवसांत फुटतात आणि गोरिला त्यावर तुटून पडतात. बांबूच्या बनातली सोनेरी माकडंही तशीच. चिंपांझींचं म्हणाल तर ते कॅलेंडर बघत नाहीत, उंबरवर्गातली झाडं कुठे पिकलीत ते बघतात. जेन गुडॉल 1960 च्या जुलैत, म्हणजे ऐन कोरड्या मोसमात, गोंबेला पोचल्या. पण मुसळधार पाऊस सुरू होताना नर चिंपांझी फांद्या ओढत, उतारावरून धावत जे थैमान घालतात त्याचं त्यांनी केलेलं वर्णन आजही वाचलं जातं. ते बघायचं तर तिथे पाऊस हवा आणि आपण पावसात उभं असायला हवं.

मग सगळी गर्दी कोरड्या महिन्यांतच का? बुटांना चिखल लागू नये म्हणून. दुसरं कारण मला तरी सापडलेलं नाही.

आणि या गर्दीची किंमत कोण मोजतं? याबद्दल माझी एक गोष्ट आहे. ती सांगायला मला आवडत नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदा ब्विंडीला गेलो. तेव्हा बाहेरून येणाऱ्याला परमिट 600 डॉलरला होतं. आज 800 आहे, रवांडात तर 2017 पासून 1500. माझ्याकडे रहिवासी परवाना होता म्हणून जरा स्वस्त पडलं. एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकदाच भेटतात, जास्तीत जास्त आठ पर्यटक, एक तास. आमच्या आठांत एक गृहस्थ होते, आपल्याच देशातले. आदल्या रात्री लॉजवर त्यांना सडकून खोकला झालेला. सकाळी वनरक्षकाने सगळ्यांना विचारलं, कुणाला सर्दी, ताप, खोकला? हा प्रश्न नेहमीच विचारतात. आजारी माणसाने जायचं नाही, असा नियम आहे. ते गप्प राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, सहा महिने आधी परमिट काढलंय, आज हुकलं तर पुढची तारीख नाही, उद्या रात्रीचं विमान.

मीही गप्प राहिलो.

तेव्हा मास्कची सक्ती नव्हती, ती कोविडनंतर आली. चार तास चढल्यावर गोरिला दिसले. एक पिल्लू आमच्या इतक्या जवळ आलं की वनरक्षकाने सगळ्यांना मागे ढकललं. तेव्हा सात मीटरचं अंतर राखायचा नियम होता, पण पिल्लाला ते कोण सांगणार? त्या गृहस्थांनी तोंडावर रुमाल दाबला होता आणि खांदे हलत होते. मी पिल्लाकडे बघत नव्हतो, त्या रुमालाकडे बघत होतो.

2009 मध्ये रवांडातल्या ‘हिर्वा’ नावाच्या गोरिला कुटुंबात श्वासाची साथ आली होती. त्यात दोन दगावले, आणि तपासणीत माणसांत आढळणारा विषाणू सापडला. जगात पर्वतीय गोरिला एक हजाराच्या थोडे वर आहेत. 2019 मध्ये जाहीर झालेला आकडा 1063 होता. आम्ही गेलो त्या कुटुंबाला पुढे काही झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही. पण त्यात माझी काही पुण्याई नाही.

त्या गृहस्थांना नुसतं वाईट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण परमिटं मोजकी, सगळ्यांना हवे तेच तीन महिने, आणि त्यामुळे एकेक तारीख सोन्याची. या रचनेने त्यांच्या तोंडाला कुलूप लावलं होतं. हीच माणसं एप्रिलमध्ये असती तर दुसऱ्या दिवशीची जागा मिळायची निदान शक्यता होती आणि खरं बोलणं त्यांना इतकं महाग पडलं नसतं. ‘बेस्ट सीझन’ची गर्दी खोटं बोलायला लावते, असं मी म्हणतो ते या अनुभवावरून. त्याच गर्दीमुळे आणखी नवी कुटुंबं माणसांना सरावून घ्या, आणखी परमिटं काढा, हा दबाव वाढतो. एक कुटुंब सरावायला दोन-तीन वर्षं लागतात आणि त्यानंतर ते रोज माणसाच्या श्वासाच्या टप्प्यात येतं.

दुसऱ्यांदा गेलो ते एप्रिलमध्ये. आठांच्या जागी आम्ही तिघं. पाऊस दुपारी आला आणि तासाभरात थांबला. पाठीवरची पिशवी घ्यायला मी गावातली एक बाई हमाल म्हणून लावली. हे सगळ्यांनी करावं, त्यासाठी 15-20 डॉलर खिशात वेगळे ठेवावेत. निसरड्या चढावर तिने माझा हात धरून मला ओढलं. माझ्यापेक्षा वयाने मोठी असावी. येताना तिने सांगितलं, हमालांच्या पाळ्या असतात. जुलैत पाळी लवकर फिरून येते, आता वाट बघावी लागते. घेवडा पेरला होता, पण तो हातात यायला वेळ होता आणि मुलाची शाळेची फी थांबलेली होती. पर्यटन खात्याच्या भाषेत या दिवसांना ‘लो सीझन’ म्हणतात. कोकणात जून-जुलैला ‘ऑफ सीझन’ म्हणतात तसंच. त्याच दिवसांत आपल्याकडे लावणीला माणूस मिळत नाही! कुणासाठी ऑफ?

याच जंगलात राहणाऱ्या बत्वा लोकांना तर असा प्रश्नच उरलेला नाही. 1991 मध्ये ब्विंडी आणि म्गाहिंगा राष्ट्रीय उद्यानं झाली आणि त्यांना बाहेर काढलं. पिढ्यान् पिढ्या ज्या जंगलात मध गोळा केला त्यात आता त्यांना स्वतःच्या मर्जीने कोणत्याच महिन्यात शिरता येत नाही. म्गाहिंगात ‘बत्वा ट्रेल’ आहे. तिथे ते पर्यटकांना पूर्वी आपण कसे राहायचो ते करून दाखवतात. 2021 मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण कागदावरचा निकाल आणि हातातली जमीन यांत किती अंतर असतं ते आपल्याकडच्या धरणग्रस्तांना विचारा. रवांडा पर्यटनाच्या उत्पन्नातले 10 टक्के आसपासच्या गावांना देतो. युगांडात उद्यानाच्या प्रवेशशुल्कातले 20 टक्के देण्याचा कायदा आहे. चांगलं आहे. पण जंगलातून उठवलेल्या माणसाला त्यातून काय मिळालं हे विचारणारा पर्यटक मला चार वर्षांत भेटला नाही. पाऊस कधी असतो, ते मात्र सगळे विचारतात.

मला एक हुशार प्रतिवाद ऐकवला जातो : पावसात तरी जनावरांना विश्रांती मिळू द्या. ऐकायला छान आहे. पण गोरिलांकडे माग काढणारे रोजच जातात आणि उरलेल्या महिन्यांत आठाचे आठ भरून जातात. विश्रांतीची खरी काळजी असेल तर वर्षभर सारखी आणि थोडी माणसं, हाच मार्ग आहे. तो टूरवाल्याच्या तक्त्यात बसत नाही.

आता खालाच्या मुलाचा मुद्दा, ज्याने मला गप्प केलं. पाऊस म्हणजे फक्त हिरवळ नव्हे, हे खरं. 2024 च्या एप्रिल-मेमध्ये केनियातल्या पुरांत दोनशेहून जास्त माणसं मेली. मारातल्या तालेक नदीने काठावरचे तंबू बुडवले, पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. मारातली जमीन आपल्या देशावरच्यासारखी काळी, चिकण. ओली झाली की चाकं रुततात ती रुततातच. टांगानिका सरोवराकाठच्या महालेला चिंपांझी बघायचे असतील तर कोरड्या मोसमाचा शेवटच बरा. तेव्हा ते डोंगरावरून खाली येतात आणि मसिकात तिथले तंबू बंदच असतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ब्विंडीचा निसरडा उतार एप्रिलमध्ये त्रास देईल. हे सगळं मान्य. म्हणूनच तर एका खंडाला एक ‘बेस्ट सीझन’ चिकटवणं मूर्खपणाचं आहे. महालेचा न्याय ब्विंडीला लावायचा, माराचा किबालेला लावायचा, आणि मग मुंबईत बसून सगळ्यांना ऑगस्टच्या एकाच बसमध्ये कोंबायचं!

तर त्याला मी काय सांगितलं ते लिहितो, म्हणजे पुढचे फोन वाचतील.

मेमध्येच जा. मारा या खेपेला सोड, नदीकाठचा मुक्काम तर नकोच. फक्त युगांडा कर : किबालेत चिंपांझी, ब्विंडीत गोरिला. रस्त्याने जायला हाताशी एक दिवस जास्तीचा ठेव, कारण कुठेतरी दरड येऊ शकते. गोरिलाच्या तारखेनंतरचे दोन दिवस मोकळे ठेव. खोकला आला तर खरं सांगता आलं पाहिजे. मुलीला नेऊ नकोस, पंधरा वर्षांखालच्यांना गोरिलांकडे नेतच नाहीत, हे टूरवाल्याने सांगितलं नसेल. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घे आणि दाखला पासपोर्टमध्येच ठेव, नाहीतर परतल्यावर आपल्याच विमानतळावर अडकशील. काटेरी वेली धरायला बागकामाचे हातमोजे. पायमोज्यात खोचलेली विजार, मुंग्यांसाठी. छत्री नको, लांब रेनकोट.

“आणि पूर आला तर?”

ब्विंडी डोंगरावर आहे, म्हटलं. पूर खाली जातो. तिथे घसरायला होतं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, ती हमालबाई अजून तिथे असेल का? नाव विचारून ठेवायला हवं होतं मी. ठेवलं नाही.